अर्धी गोळी

माझा झटका आधी पोटात उठतो.
होडी लाटेवरून खाली पडावी तसं काहीतरी वर चढतं,
मग डांबराचा वास येतो,
कुठेच कुणी डांबर तापवत नसताना,
आणि निवतीचं हे बंदर, हे वाळत घातलेले बांगडे,
सगळं एकदा होऊन गेल्यासारखं वाटतं.
पुढचं मला प्रमिलाकडून कळतं.

ती म्हणते, तू पडत नाहीस.
बसल्या जागी ओठ मचमचवतोस
आणि हात जाळं विणतात.
सूत नसतं, सुई नसते,
पण गाठ बरोबर बसते म्हणे.
मग विचारतोस, चहा झाला का?

पडलो एकदाच, तांडेलाच्या बोटीवर.
अंग ताठ, मग हातपाय आपटत,
जीभ चावून, चड्डी भिजवून.
कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी मुठीत किल्ली दिली.
धक्क्यावर उतरवलं ते शेवटचं.
तेव्हापासून मी जाळी सांधतो,
बाकीच्यांनी फाडून आणलेली.

कुडाळात लोबो डॉक्टरीणबाई विचारत राहिल्या,
आधी काय होतं? मग? कुठला हात?
प्रमिला सांगत गेली, त्या लिहीत गेल्या.
कार्बामाझेपिन. सकाळी एक, रात्री एक.
पहिला आठवडा मला समुद्रातल्या खडकावर
दोन दीपगृहं दिसायची.
सांगितलं नाही कुणाला. दुसरं आवडलं होतं.
मग एकच उरलं,
आणि महिन्याला सहा झटके यायचे
ते वर्षाला एकावर आले.

म्हणून, बहिणीची दर्शिका
जेवता जेवता थांबायला लागली,
घास तोंडाशी, नजर सोलकढीच्या वाटीपलीकडे,
सात-आठ आकडे मोजावेत इतकंच,
आणि मधे काही घडलंच नाही अशी पुन्हा जेवायची,
“खंय गेल्लंस गो?” तर “खंय नाय”,
गुरुजींनी वहीत लिहून पाठवलं, लक्ष नसतं,
तेव्हा मला वाटलं, हे तर घरातलंच.
हे मला कळतं.
पाकिटातली एक गोळी मोडली,
अर्धी गुळाच्या खड्यात दाबली, दिली.
तीन आठवडे. रोज. गुपचूप.

ती जास्तच जायला लागली.
सात एके सातनंतर थेट सात पंचे पस्तीस.
एकदा विहिरीच्या काठावर, कळशी धरून.

बाईंनी टेबलावरची कागदी भिंगरी तिला दिली.
फुंकत राहा, थांबू नको.
दर्शिका फुंकत राहिली,
लाल-पिवळं एक झालं,
आणि ओठांचा चंबू तसाच ठेवून ती गेली.
भिंगरी हळू झाली.
पाती वेगळी दिसायला लागली, चार.
बाई घड्याळाकडे बघत होत्या. मी दाराच्या कडीकडे.
अकरा सेकंद.
भिंगरी पुन्हा फिरली.

मी बोलून टाकलं. गोळी, गूळ, सगळं.
त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
म्हणाल्या, तुझा झटका मेंदूच्या एका कोपऱ्यातून निघतो,
हिचा सगळीकडे एकदम लागतो आणि विझतो.
तुझ्या गोळीनं हिचा वाढतो.
फेफरं म्हणून गाव दोघांना एकच नाव देतं.
आणि मी, बारा वर्षं जाळी सांधणारा,
पापलेटाच्या जाळ्यानं सुंगटं धरायला निघालो होतो.

तिला बाटलीतलं औषध. व्हॅल्प्रोएट, गोड लागतं.
मोठी व्हायला लागली की बदलायचं,
पोटातल्या बाळाला ते बाधतं, असं बाई म्हणाल्या
तेव्हा बहीण आठ वर्षांच्या पोरीकडे बघतच राहिली.
केस थोडे गळतात. भाकऱ्या तीन लागतात.

शिमग्यात माझ्या दोन गोळ्या चुकल्या.
डांबराचा वास आला, मग काही नाही,
मग ओटी, आणि समोर मांडी घालून दर्शिका.
“मामा, सतरा गाठी मारलंस,” ती म्हणाली.
“मिया मोजलंय.
मधली एकपण सुटाक नाय.”